स्पिटफायरवरच्या नोंदीत नेमका किती तपशील हवा?

तुमचा प्रश्न असा आहे: ज्ञानकोशासाठी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानावर नोंद लिहायला घेतली, ती पंचवीस पानांवर गेली. वाचून पाहणाऱ्या दोघांपैकी एक म्हणतो निम्मी कापा, दुसरा म्हणतो स्क्वाड्रनची, म्हणजे ते विमान वापरणाऱ्या हवाई तुकड्यांची, यादी राहिलीच. ऐकायचं कुणाचं?

मी काही वर्षं विमानांवरच्या नोंदी लिहितोय, इतरांच्या तपासतोय. माझा सल्ला असा की पानं मोजत बसू नका. एकेक तपशील हातात घ्या आणि बघा, हे विमान असं का होतं किंवा पुढे का बदललं, ते यातून कळतंय का? कळत असेल तर तो तपशील कितीही बारीक असो, राहू द्या.

अगदी बारीक उदाहरण घेतो. सुरुवातीच्या स्पिटफायरचं नाक एकदम खाली दाबलं की मर्लिन इंजिन गचके खायचं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळून वर जायचं. आधी इंजिन उपाशी राहायचं आणि पाठोपाठ इतकं पेट्रोल यायचं की ते गुदमरायचं. मेसरश्मिट १०९ च्या इंजिनाला पेट्रोल इंजेक्शनने मिळायचं, त्यामुळे जर्मन वैमानिक नाक दाबून सुळकन खाली निसटायचा. त्याच्या मागे लागायचं तर स्पिटफायरच्या वैमानिकाला आधी विमान पलटवून मग सूर मारावा लागे, आणि तेवढ्यात तो दूर गेलेला असे. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या अभियंता बिअट्रिस शिलिंग यांनी यावर तोडगा काढला: इंधनाच्या मार्गात भोक असलेला एक छोटासा पितळी तुकडा. भोक एवढंच, की पूर्ण ताकदीवर इंजिनाला लागतं तेवढंच पेट्रोल पुढे जावं. १९४१ च्या सुरुवातीला विमानतळांवर जाऊन तो बसवून देण्यात आला. विमान उलटं ठेवून बराच वेळ उडवणं यामुळे शक्य झालं नाही, पण इंजिन गुदमरून बंद पडण्याचा धोका मोठ्या प्रमाणात टळला.

नखाएवढा तुकडा, पण त्यातून दोन्ही बाजूंची इंजिनं, वैमानिकांच्या सवयी आणि लढाईतली अडचण एकदम उलगडते. मी याला पूर्ण परिच्छेद देईन. भोकाचा व्यास मात्र इथे नको, तो मर्लिन इंजिनाच्या नोंदीत जाऊ दे.

आता आकडे. ‘सर्वाधिक वेग ताशी ५८० किमी’ एवढंच लिहिलं तर वाचकाला काहीच मिळत नाही. हा साधारण मार्क १ चा, म्हणजे पहिल्या आवृत्तीचा वेग (स्पिटफायरच्या प्रत्येक आवृत्तीला ‘मार्क’ म्हणतात), आणि तोही सुमारे पावणेसहा हजार मीटर उंचीवरचा. जमिनीलगत तेच विमान बरंच हळू उडायचं. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आल्यावर कमी उंचीवरचा वेग पुन्हा वाढला. म्हणून वेगाच्या आकड्यासोबत मार्क आणि उंची हवीच. या दोन गोष्टी सापडत नसतील तर तो आकडा सरळ गाळा. अर्धवट आकडा दुसऱ्या विमानाशी तुलना करताना हमखास फसवतो.

तुमची पानं बहुधा मार्कांनी खाल्ली असणार. क्रमांक १ ते २४, त्यात नौदलाची सीफायर वेगळी. सगळ्यांना सारखी जागा देऊ नका, आणि क्रमांकाने तर मुळीच लावू नका. १९४१ च्या शरद ऋतूत फोके-वुल्फ १९० हे नवं जर्मन लढाऊ विमान आलं आणि मार्क ५ त्याच्यापुढे फिकं पडलं. घाईघाईने मार्क ५ च्याच सांगाड्यात दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचं) मर्लिन बसवून मार्क ९ तयार झालं आणि १९४२ च्या मध्यात ते लढाईत उतरलं. नीट आखणी करून बनवलेलं मार्क ८ त्याच्या नंतर आलं! तात्पुरती सोय म्हणून काढलेलं मार्क ९ मात्र पाच हजारांहून अधिक बनलं. ही गोष्ट दोन-तीन परिच्छेदांत रंगवून सांगा. ज्या मार्कांनी काही बदललं नाही त्यांना एकेक ओळ पुरे.

स्क्वाड्रनची यादी, रंगसंगती, विमानांचे क्रमांक यांना वेगळी सूची करा. अपवाद फक्त के५०५४ चा, कारण ५ मार्च १९३६ ला ईस्टलीहून पहिल्यांदा उडालेलं नमुना-विमान ते. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल पुढच्याच वर्षी वारले आणि नंतरचे सगळे मार्क जोसेफ स्मिथ यांच्या हाताखाली घडले. स्मिथ यांचं नाव अनेक नोंदींत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि कापताना दोन गोष्टींना हात लावू नका. एक, १९४० च्या ‘ब्रिटनच्या लढाई’त हरिकेन ही दुसरी ब्रिटिश लढाऊ विमानं संख्येने जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानं त्यांनीच पाडली. दुसरी, सुरुवातीच्या स्पिटफायरच्या टाक्यांमध्ये पेट्रोल जेमतेम ३८५ लिटर मावायचं, म्हणून बॉम्बफेकी विमानांना जर्मनीत खोलवर सोबत करणं त्याला जमलं नाही. कौतुकाच्या भरात हीच दोन वाक्यं आधी गळतात. तुमच्या मसुद्यात ती आहेत का, आधी ते तपासा. मार्क ९ चा भाग इथे टाकलात तर मी वाचून देईन.