वाचकांचे प्रश्न : मुदतीआधीची निवृत्ती

प्रश्न : माझे वय ५७ असून गेली ३१ वर्षे मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या आरेखन विभागात काम करतो. विभागातील पदे कमी करायची असल्याने व्यवस्थापनाने आपणहून बाहेर पडणाऱ्यांसाठी एकरकमी मोबदल्याची योजना जाहीर केली आहे आणि निर्णयासाठी ६ आठवड्यांची मुदत दिली आहे. मला मिळणारी रक्कम २६ महिन्यांच्या पगाराइतकी आहे. घराचे कर्ज फिटले आहे, दोन्ही मुले कमावती आहेत, थोडी बचतही आहे. खरे सांगायचे तर परिपत्रक वाचून मला आनंद झाला आणि शेजारच्या टेबलावरचे चाळिशीतले सहकारी धास्तावलेले असताना आपल्याला आनंद व्हावा याची लाजही वाटली. ही योजना घ्यावी का? एवढ्या पैशात पुढचे आयुष्य निभेल का?

उत्तर : आधी लाजेविषयी लिहितो, कारण ती मनात राहिली तर हिशेब नीट होणार नाही. कपातीत किती पदे जायची तो आकडा बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. अशा वेळी ज्याचे कर्ज फिटले आहे आणि मुले मार्गी लागली आहेत असा ज्येष्ठ माणूस आपणहून उठला, तर ज्याचे हप्ते अजून चालू आहेत अशा कोणाची तरी जागा वाचण्याची शक्यता वाढते. आपल्याला झालेला आनंद कोणाच्या वाट्याचे काढून घेत नाही. एकतीस वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला मोकळे होण्याची कल्पना सुखावत असेल, तर त्या भावनेला मी निर्णयातला एक खरा पुरावा मानतो.

आता पैशाकडे येऊ. कंपन्या ही रक्कम पगाराच्या महिन्यांत सांगतात, पण आपण ती खर्चाच्या महिन्यांत मोजायला हवी. गेल्या २४ महिन्यांची बँकेची विवरणे समोर घ्या आणि एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्या रकान्यात दरमहाचा खर्च लिहा. दुसऱ्यात चार-सहा वर्षांनी एकदाच उद्भवणारे खर्च लिहा : वाहन बदलणे, घराची डागडुजी, दातांचे काम, एखादे मोठे कार्य. हा दुसरा रकाना माणसे हमखास विसरतात आणि तोच पुढे महागात पडतो. नोकरीसोबत संपणारा खर्च त्यातून वजा करा आणि आजवर कंपनी परस्पर भरत असलेला खर्च, विशेषतः आरोग्यविम्याचा हप्ता, त्यात मिळवा. समजा, सगळे धरून आपला खर्च पगाराच्या निम्मा निघाला, तर आपले २६ महिने एकदम ५२ महिने होतात, म्हणजे ४ वर्षे ४ महिने. तो पगाराच्या तीन-चतुर्थांश असेल तर मात्र ३५ महिनेही पूर्ण होत नाहीत. योजना तीच आणि रक्कमही तीच, पण एकाला ती पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही, त्याचे कारण या कागदावर सापडते.

या रकमेने सबंध आयुष्य पेलावे अशी अपेक्षा ठेवू नका. नोकरीचा शेवटचा पगार आणि नियमित निवृत्तिवेतनाचा पहिला हप्ता यांच्यामधले अंतर ओलांडून देणारा पूल म्हणून तिच्याकडे पाहा. ते अंतर किती वर्षांचे आहे हे आपल्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत शोधा आणि पूल तेवढ्या लांबीचा आहे का ते तपासा. कमी पडत असेल तर निवृत्तिवेतनच लवकर सुरू करून घेण्याचा मोह होतो. पण अनेक योजनांमध्ये तसे केल्यास ते कायमचे कमी होते, आणि ही घट सहीच्या दिवशी किरकोळ वाटली तरी पंचाहत्तराव्या वर्षी ती दर महिन्याला जाणवते.

पुलापलीकडच्या वर्षांसाठी महागाईचा विचार करावाच लागतो. ७२ ला महागाईच्या दराने भागले की खर्च दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते : दर ६ टक्के असेल तर १२ वर्षे, ३ टक्के असेल तर २४. आपण ८५ व्या वर्षापर्यंतचा विचार केला तरी पुढे २८ वर्षे आहेत, म्हणजे ६ टक्क्यांनी खर्च दोनदा दुप्पट होऊन आजच्या चौपटीच्याही पुढे जाईल. म्हणून सारी रक्कम कमी व्याजाच्या ठेवीत कुलूपबंद करून ठेवणे जितके सुरक्षित भासते तितके ते नसते.

बचतीतून दरवर्षी किती उचलावे, याविषयी ४ टक्क्यांचा एक दाखला वारंवार दिला जातो. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून असे मांडले, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के उचलले आणि पुढे महागाईप्रमाणे तो आकडा वाढवत नेला, तर पैसा ३० वर्षे टिकतो. याचाच अर्थ वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठा हवा. परंतु तो हिशेब एका देशाच्या बाजारांचा आणि ३० वर्षांचा आहे. आपण साठीच्या आधीच बाहेर पडत आहात, शिवाय आपल्या सहचारिणीचे आयुष्य आपल्याहून मोठे असू शकते. त्यामुळे निवृत्तिवेतनातून भागणारा खर्च वगळून उरलेल्या खर्चासाठी ३ ते साडेतीन टक्के धरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांना विशेष जपावे लागते. समजा, आपल्याकडे १०० भाग आहेत. आपण त्यातले ५ उचलले आणि त्याच वर्षी बाजार २० टक्क्यांनी पडला, तर उरलेल्या ९५ चे ७६ होतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच ५ भाग उचलायचे, तर ते आता साडेसहा टक्क्यांहून अधिक भरतात, आणि ७६ ला परत ९५ वर यायला बाजाराने २५ टक्के वर चढावे लागते. हीच पडझड पंधराव्या वर्षी आली असती तर इतकी लागली नसती. म्हणून किमान दोन-तीन वर्षांचा खर्च बाजारापासून दूर, हाताशी राहील असा ठेवा.

सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. विम्याचे संरक्षण नेमक्या कोणत्या तारखेला संपते? शिल्लक रजेचा पैसा या रकमेत धरला आहे की वेगळा आहे? त्याच क्षेत्रात काम करण्यावर बंदी घालणारे कलम आहे का, आणि किती काळासाठी? अनेक देशांत अशा रकमेचा ठरावीक भाग करमुक्त असतो व त्यावरच्या भागाला कर लागतो, तेव्हा पैसे कोणत्या आर्थिक वर्षात पडतील हेही महत्त्वाचे ठरते आणि तारीख थोडी पुढे नेण्याची विनंती करायला हरकत नसते. शेवटी हेही विचारा, की आपण योजना नाकारली आणि पुढे सक्तीची कपात आली तर मोबदला हाच राहील का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तोंडी आणि मोघम मिळते. ते तसे मिळाले तर त्यातूनही आपल्याला पुष्कळ कळेल.

हिशेब जुळत असेल तर योजना घ्या, असे मी निःसंकोच म्हणेन. एका वर्षाने कमी पडत असेल तरी घ्या आणि ते वर्ष अर्धवेळ कामाने भरून काढा. पाच वर्षांनी कमी पडत असेल तर मात्र आनंदाला थोडे थांबायला सांगावे लागेल.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी, ५५ व्या वर्षी, मी अशीच योजना घेतली. पैशाची अडचण नाही. पहिले तीन महिने फार छान गेले, पण आता दिवस हातातून निसटतात. दुपार कधी झाली ते कळत नाही आणि वर्षानुवर्षे वाचायची म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तके तशीच पडून आहेत. माझा निर्णय चुकला का?

उत्तर : निर्णय चुकल्याचे आपल्या पत्रात मला काहीही दिसले नाही, ताई. आपण सांगता तो टप्पा इतका नेहमीचा आहे, की समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडताना मधुचंद्रासारख्या सुरुवातीनंतर भ्रमनिरास, आणि त्यानंतर पुन्हा घडी बसणे, असाच क्रम सांगितला होता.

पुस्तके न वाचल्याबद्दल आपण स्वतःला दोष देता, म्हणून एक जुना अभ्यास सांगतो. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारा गाव बेकार झाला. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाच्या ग्रंथालयाने वर्गणी माफ केली होती आणि लोकांकडे वेळच वेळ होता, तरीही पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. निरीक्षकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा पुरुष मध्येच थांबत, रेंगाळत चालताना आढळले. ज्यांच्यामागे घरकाम होते त्या स्त्रिया झपाझप जात होत्या. त्या लोकांवर गरिबीचा घाला पडला होता, आपली स्थिती तशी मुळीच नाही. तरी नुसता मोकळा वेळ मिळाल्याने वाचन वाढत नाही, एवढे त्यातून दिसते. पुढे याहोडा यांनी असे मांडले, की नोकरी पगारासोबत आणखी पाच गोष्टी देत असते : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, एकट्याच्या पलीकडचे उद्दिष्ट, समाजात एक स्थान आणि नियमित हालचाल. आपण पगाराची तजवीज केलीत. या पाचांची तजवीज करायला आपल्याला कोणी सांगितलेच नाही.

मलाही कोणी सांगितले नव्हते. मी ५६ व्या वर्षी बाहेर पडलो, त्याला आता आठ वर्षे झाली. कार्यालयाचे ओळखपत्र परत केले, पण ते जिथे अडकवत असे ती दाराजवळची खुंटी राहिली. पत्र्याची चिमटी रोज एकाच जागी घासून भिंतीच्या रंगावर बोटभर लांबीचा ओरखडा पडला होता. कित्येक आठवडे बाहेर पडताना माझा हात आपोआप तिकडे जाई आणि रिकामा परत येई. पुढे आठवड्यातून दोन सकाळी मी प्रौढांच्या साक्षरता वर्गात शिकवायला जाऊ लागलो आणि त्या खुंटीवर वर्गाच्या कपाटाची किल्ली लटकू लागली. साडेनऊला मी पोचलो नाही तर अकरा माणसे दाराबाहेर उभी राहतात. त्या दोन सकाळींमुळे उरलेल्या पाच दिवसांनाही आपोआप बांधणी आली.

म्हणून आपल्याला एवढेच सुचवतो, की आठवड्यात दोन वेळा अशा ठरवा जिथे कोणीतरी आपली वाट पाहत असेल. काम छोटे असले तरी चालेल, बिनपगारी असले तरी चालेल. फक्त आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडले पाहिजे. बाकीचा वेळ मोकळा सोडा आणि तो कारणी लावलाच पाहिजे असा धाक स्वतःला घालू नका. दुपारी दोनला उन्हात बसून राहणे हेही आपण इतकी वर्षे राबून मिळवले आहे. पुस्तके दोन-तीन महिन्यांत आपसूक उघडली जातील, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझे यजमान नुकतेच मुदतीआधी निवृत्त झाले. ते घरी असल्याचा मला आनंदच आहे, पण दिवसभर ते माझ्या प्रत्येक कामात सुधारणा सुचवतात. त्यांना न दुखवता काय सांगावे?

उत्तर : जे मला लिहिलेत तेच त्यांना सांगा, आणि आनंदाचे वाक्य आधी सांगा. काल-परवापर्यंत दहा जण ज्यांचा सल्ला विचारत होते, त्यांना आता कोणी विचारत नाही. ती सवय घरात वाट शोधते. घरातले एखादे काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा आणि त्यात आपणही सुधारणा सुचवू नका. सकाळचे काही तास दोघांनी आपापले ठेवावेत, हे पहिल्या महिन्यातच बोलून घेतलेले बरे. वर्षभराने तेच बोलणे तक्रारीसारखे ऐकू येते.

प्रश्न : योजना घेऊन बाहेर पडल्यावर त्याच कंपनीने कंत्राटावर परत बोलावले तर जावे का?

उत्तर : आधी करारातील पुनर्नियुक्तीचे कलम वाचा, काही योजनांमध्ये ठरावीक मुदतीत परतल्यास मोबदल्याचा भाग परत करावा लागतो. तशी अट नसेल आणि काम आवडीचे असेल तर जा, मात्र दिवस आणि तास आधी कागदावर ठरवून जा, आणि त्या पैशावाचून घर चालते आहे याची खात्री झाल्यावरच जा.