ठाण्यात राहून हिमालयातील पहिल्या ट्रेकची तयारी कशी करावी? येऊरच्या टेकड्यांवरचा सराव पुरेसा आहे का?

पायांसाठी आणि दमसासासाठी येऊरचा सराव उत्तम आहे. मात्र उंचीची सवय त्यातून होत नाही, हे आधीच समजून घ्यावे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे, तर विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरनंतर सुरू होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. उत्तम धावपटूलाही हा त्रास होऊ शकतो, म्हणून तंदुरुस्तीच्या भरवशावर वेग वाढवू नये.

सुमारे ३,८०० मीटर उंचीचे उत्तराखंडातील केदारकंठ पहिल्या ट्रेकसाठी मला योग्य वाटते. कोणताही ट्रेक निवडताना मात्र, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढत नाही ना आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस आहे ना, हे वेळापत्रकात अवश्य तपासावे.

डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर जाणवल्यास ती लपवू नका, ताबडतोब म्होरक्याला सांगा. त्या अवस्थेत आणखी वर चढू नये. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ किंवा बसल्या जागी धाप लागणे दिसल्यास, रात्र असली तरी, कोणाला तरी सोबत घेऊन लगेच खाली उतरावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.