दोन सह्या राहिल्या, म्हणून जुनेच मृत्युपत्र जिवंत आहे

प्रश्न : मी कागल तालुक्यातील असून लष्करात हवालदार आहे. पुढील महिन्यात आमची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षभरासाठी दक्षिण सुदानला जात आहे. ४० दिवसांपूर्वी मला मुलगी झाली. वडील वारल्यानंतर, लग्नापूर्वी, २०१६ साली मी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांसमक्ष ‘आजची व पुढे होणारी सर्व मिळकत’ थोरल्या भावास देणारे मृत्युपत्र केले होते. ते भावाकडे आहे. लग्न झाल्यावर ते आपोआप रद्द होते, असे मला युनिटमध्ये सांगण्यात आले. आता सुट्टीत मी नवे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून, सही करून, फुलेवाडीतील कर्जावर घेतलेला फ्लॅट मुलीच्या नावे केला आहे. सैनिकाच्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, हे बरोबर आहे ना? फंड आणि विम्याला आईचे नाव लावलेले आहे. शिवाय भाऊ जमिनीसाठी कुलमुखत्यारपत्र मागतो आहे, ते द्यावे का? सुट्टीचे ११ दिवस उरले आहेत.

उत्तर : तुमच्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्ही चुकांचा भार नेमका एकाच बाजूला पडतो. लग्नामुळे जुने मृत्युपत्र रद्द झालेले नाही, आणि साक्षीदारांच्या सह्यांशिवाय लिहिलेला नवा कागद कायद्याच्या दृष्टीने मृत्युपत्रच नाही. त्यामुळे आजच्या तारखेला तुमच्या मिळकतीविषयी कायदा मानेल असा एकच कागद अस्तित्वात आहे, तो २०१६ सालचा आहे, तो भावाच्या कपाटात आहे, आणि त्यानुसार फुलेवाडीचा फ्लॅट भावाचा होतो. बाकीचे सगळे प्रश्न यानंतरचे आहेत.

तुमच्या सहकाऱ्याने जे सांगितले ते त्याने स्वतःच्या मनाने रचलेले नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६५ आणि ६६ मध्ये मोहिमेवर असलेल्या किंवा प्रत्यक्ष युद्धात गुंतलेल्या सैनिकाला विशेष सवलत दिलेली आहे, आणि त्याने संपूर्णपणे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार तर सोडाच, सहीदेखील लागत नाही. मात्र हीच कलमे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्या मृत्युपत्रांना लागू नाहीत. या अधिनियमातील कोणती कलमे या समाजांना लागू होतात हे कलम ५७ आणि तिसऱ्या परिशिष्टात मोजून दिलेले आहे. त्या यादीत ६३ आणि ६४ नंतर थेट ६८ येते. मधली कलमे वगळलेली आहेत. खंदकात बसून चिठ्ठी लिहिणाऱ्या ख्रिस्ती किंवा पारशी जवानाला जी सवलत मिळते ती त्याच खंदकातील मराठा जवानाला मिळत नाही, हे अन्यायाचे वाटेल, आणि माझ्या मते ते आहेही. पण तुमच्या विमानाच्या तारखेपूर्वी संसद ते दुरुस्त करणार नाही. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेत सैनिकांसाठी अशी तरतूद आहे आणि २०२५ च्या सुरुवातीला ती वर्तमानपत्रांतून गाजली होती. तेव्हापासून कागल, गडहिंग्लज, शिरोळ या भागांतून हाच प्रश्न मला वारंवार येतो. ती संहिता उत्तराखंडातील रहिवाशांसाठी आहे. तुमची मोहीम ‘प्रत्यक्ष युद्ध’ ठरते की नाही, या वादात म्हणूनच मी शिरत नाही.

लग्नाची गोष्टही तशीच आहे. विवाहाने मृत्युपत्र रद्द होते हा नियम कलम ६९ मध्ये आहे, तोही तुम्हाला लागू नाही. उलट कलम ५७ च्या परंतुकात विवाहामुळे अशी मृत्युपत्रे रद्द होणार नाहीत असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. फ्लॅट तुम्ही लग्नानंतर घेतला असला तरी सुटका नाही, कारण मृत्युपत्र हे मृत्यूच्या क्षणी असलेल्या मिळकतीला लागू होते आणि तुमच्या जुन्या कागदात तर ‘पुढे होणारी’ हे शब्दही आहेत. अशा प्रसंगी पत्नी आणि मुलीला काहीच मिळणार नाही असे नाही. हिंदू दत्तक व पोटगी अधिनियम, १९५६ नुसार त्यांना तुमच्या मालमत्तेतून पोटगीचा दावा लावता येईल. पण ज्यांनी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दिवाणी दाव्याच्या तारखा मोजल्या आहेत त्यांना विचारा. मुलगी शाळेत जाऊ लागेपर्यंत कैफियत आणि मुद्दे निश्चित झाले तरी पुष्कळ. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले, त्यासाठी येथील वकिलांनी कित्येक दशके आंदोलन केले, आणि अपिलासाठी मुंबई गाठण्याचा खर्च वाचला हे खरे. परंतु खालच्या न्यायालयातील पुरावा त्यामुळे एका तारखेनेही लवकर संपत नाही.

इथे थोडे कडक बोलतो. २०१६ साली अविवाहित असताना भावावर विश्वास टाकला, त्यात गैर काही नव्हते. पण त्यानंतर लग्न झाले, फ्लॅट झाला, कर्ज झाले, मूल झाले, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही कायद्याचा हा प्रश्न कोणत्याही वकिलाला न विचारता युनिटमधील मित्रावर सोडलात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापुरातच आहे. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या ‘वीर परिवार सहायता’ योजनेखाली सैनिकांच्या कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर साहाय्याची सोय सैनिक मंडळांशी जोडण्यात आली आहे. ११ दिवस उरल्यावर नव्हे, ११ महिने आधी हा प्रश्न विचारायला हवा होता.

आता करावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती एका दिवसात होते. नवे मृत्युपत्र पुन्हा लिहा. साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपरची गरज मृत्युपत्राला नसते. पहिल्याच परिच्छेदात २०१६ च्या मृत्युपत्राची तारीख देऊन ‘ते मी या लेखाने रद्द करीत आहे’ असे लिहा, कारण कलम ७० नुसार जुने मृत्युपत्र रद्द करण्याचे मार्ग मोजकेच आहेत : दुसरे वैध मृत्युपत्र, तशाच रीतीने साक्षांकित केलेला रद्द करण्याचा लेख, किंवा रद्द करण्याच्या हेतूने तो कागद स्वतः फाडणे, जाळणे वा नष्ट करणे. मूळ कागद तुमच्या हातात नसल्याने तिसरा मार्ग सध्या बंद आहे. भावाकडे तो मागायला आत्ताच जाऊ नका. आधी नवे मृत्युपत्र पूर्ण होऊ द्या.

साक्षीदार दोन हवेत. दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही माझीच आहे असे तुम्ही त्यांना स्वतः सांगितलेले असावे, आणि दोघांनीही तुमच्यासमोर सह्या करायला हव्यात. पुढे वाद झालाच तर किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहून हे शपथेवर सांगावे लागते. म्हणून तुमच्याबरोबर सुदानला जाणारे सहकारी साक्षीदार म्हणून घेऊ नका, आणि ८० वर्षांचे सद्गृहस्थ केवळ मान म्हणूनही घेऊ नका. पत्नी आणि तिचे आईवडील टाळा. वयाने तुमच्यापेक्षा लहान, कोल्हापुरातच नोकरी-धंदा असलेला, बदलीचा नसलेला माणूस उत्तम. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणीकृत मृत्युपत्र बिननोंदणीच्या मृत्युपत्रापेक्षा श्रेष्ठ ठरते असेही नाही; तरीही ती करून घ्या, कारण तुमच्या प्रकरणात दोन कागदांपैकी नंतरचा कोणता यावरच सगळे ठरणार आहे आणि दुय्यम निबंधकाच्या नोंदीइतका तारखेचा भक्कम पुरावा दुसरा नाही.

मसुद्यात मात्र एक बदल सुचवतो, आणि तो तुम्हाला कदाचित रुचणार नाही. फ्लॅट मुलीच्या नावे करू नका. बापाचे मन मला समजते. बारसे होण्यापूर्वीच लेकीच्या नावे घर करावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची स्थावर मिळकत विकायची, गहाण ठेवायची किंवा पाच वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार आईलादेखील न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. फ्लॅटवर कर्ज आहे. उद्या तो विकून कर्ज फेडावे आणि माहेराजवळ लहान घर घ्यावे असे तुमच्या पत्नीने ठरवले, तर तिला अर्ज करून, मुलीचे हित कशात आहे हे न्यायाधीशांना पटवून, हुकूम होईपर्यंत थांबावे लागेल आणि हप्ते तोवर चालूच राहतील. फ्लॅट पत्नीच्या नावे करा आणि तिच्या पश्चात मुलीचा उल्लेख करायचा की नाही हे समोरासमोर बसून ठरवा. अशा ‘पश्चात’ शब्दांनी कधी पत्नीचा मालकी हक्क मर्यादित होऊन बसतो, त्यामुळे ते वाक्य स्वतः रचू नका. मुलीची पालक म्हणून पत्नीला नेमण्याची आवश्यकता नाही, वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक असते.

आईचा विचार तुमच्या पत्रात केवळ फंडापुरता आहे. मृत्युपत्रच नसते तर तुमच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी आणि मुलगी यांचे सारखे तीन हिस्से झाले असते आणि भावाला काही मिळाले नसते. नव्या मृत्युपत्राने सगळे पत्नीला दिले तर आईचा तो तिसरा हिस्सा जातो. हा निर्णय तुमचा आहे. तिला तहहयात राहण्याचा हक्क किंवा ठरावीक रक्कम देता येते. काहीही ठरवा, पण तिला ते तुमच्या तोंडून कळू द्या.

वडिलोपार्जित जमिनीविषयी निश्चित काही सांगत नाही, कारण सातबारा आणि फेरफार मी पाहिलेले नाहीत. ती खरोखर सहदायिकीची, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणारी एकत्र कुटुंबाची मिळकत असेल, तर तुमची मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे त्यातील हिस्सेदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केले आहे. तसे असेल तर ४० दिवसांच्या त्या मुलीचा स्वतःचा हिस्सा तुमच्या कोणत्याच मृत्युपत्राने, जुन्या वा नव्या, कोणाला देता येत नाही. मात्र जमीन वडिलांनी स्वतः खरेदी केलेली असेल तर चित्र पुष्कळ बदलते.

म्हणूनच भावाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. त्याला उसाची नोंद, कारखान्याचे बिल, सेवा संस्थेचे पीककर्ज, मोजणी आणि तलाठ्याकडील कामे यांसाठी अधिकार हवा असेल तर तेवढ्याच कामांची नावे लिहून, मुदत घालून, खास मुखत्यारपत्र द्या आणि विक्री, बक्षीस, गहाण, हक्कसोड हे चार शब्द त्यात कुठेही येणार नाहीत हे स्वतः वाचून पाहा. फ्लॅट आणि कर्जाच्या कामासाठी वेगळे मुखत्यारपत्र पत्नीला द्या. ते येथेच करून जा. परदेशातून करायचे तर दूतावासाच्या साक्षांकनाचा खटाटोप होतो. आणि मुखत्यारपत्र हे मृत्युपत्राला पर्याय नव्हे हे ध्यानात ठेवा, कारण देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते.

फंड आणि विम्याच्या नामनिर्देशनाबाबत : नामनिर्देशित व्यक्ती बहुतेक ठिकाणी रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, विम्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले, पण २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांच्याबाबत त्यात फरक पडला. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे नियम स्वतंत्र आहेत, म्हणून या वादात न पडता अर्ज भरून नावे बदला. आई आणि पत्नी यांच्यात टक्केवारी विभागण्याची सोय आहे का ते युनिटच्या क्लार्ककडून त्याच वेळी विचारून घ्या. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कोणालाच देता येत नाही, ते नियमाप्रमाणे जाते; १९९१ पासून हा प्रश्न मिटलेला आहे. परंतु त्यासाठी लग्नाची आणि मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबातील बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) निघून तुमच्या रेकॉर्ड ऑफिसात नोंद झालेली असावी लागते. लग्नाची निघाली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही. निघाली असेल असे गृहीत धरू नका, नक्कल मागून घ्या. मुलीचे नाव अद्याप ठेवलेले नसेल तरी जन्माची नोंद नावाशिवाय होते, नाव नंतर घालता येते. दवाखान्याने ती केली आहे का हे विचारून दाखला युनिटकडे द्या.

सोमवारी दोन साक्षीदारांना घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जा. तिघांचीही आधारकार्डे आणि छायाचित्रे बरोबर असू द्या. नोंदणी झालेले मूळ मृत्युपत्र पत्नीकडे ठेवा, एक प्रत अशा नातेवाइकाकडे द्या ज्याला त्यात काहीही मिळणार नाही. त्यानंतरच भावाकडे जा, जुना कागद मागा, आणि त्याने दिला तर स्वतःच्या हाताने फाडा. त्याने दिला नाही तरी निश्चिंत मनाने ड्यूटीवर रुजू व्हा.