‘पेप्टाइड’ औषध सर्व पिकांना चालते का?

प्रश्न (सांगोला व मोहोळ तालुक्यांतील शेतकरी): वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीतील पेप्टाइड असलेले एकच औषध डाळिंबावरील तेल्या (जिवाणूंमुळे होणारा रोग), टोमॅटोवरील अळी आणि ज्वारीवरील किडी या सर्वांवर चालते, असे दुकानदार सांगतात. ते घ्यावे का?

उत्तर: एवढ्या दाव्यावर घेऊ नये. वनस्पतींत संरक्षक पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, खरोखर असतात. परंतु त्या सर्व पिकांत सारख्या नसतात. डिफेन्सिन या गटातील पेप्टाइड्समध्ये साधारण ४५ ते ५४ अमिनो आम्ले असतात आणि सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या जोड्यांमधील गंधकाचे बंध साखळीचा आकार घट्ट धरून ठेवतात. उत्क्रांतीत या जनुकांच्या प्रती वाढत गेल्या, सिस्टीनच्या जागा बहुतांशी टिकल्या आणि मधली अमिनो आम्ले बदलत राहिली, त्यामुळे एक पेप्टाइड बुरशीला रोखते, तर ज्वारीच्या दाण्यातील त्याच घडणीचे दुसरे पेप्टाइड किडीच्या पोटातील पिष्ट पचवणाऱ्या विकराला अडवते. (म्हणून साठवणीतील मालदांडी ज्वारीला कीड लागणारच नाही, असे मात्र समजू नये.) कुंपणावरच्या गोकर्णात तर बियांतील अल्ब्युमिन प्रथिनाच्या जनुकातूनच सायक्लोटाइड ही गोलाकार, कीडरोधक पेप्टाइड्स तयार झाली, व्हायोला या फुलझाडाच्या कुळात तशीच पेप्टाइड्स वेगळ्या जनुकांतून आलेली आहेत.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सिस्टेमिनचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९९१ मध्ये टोमॅटोत सापडलेले हे १८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड स्वतः अळीला मारत नाही. पान कुरतडले गेल्यावर ते झाडाला इशारा देते आणि झाड अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने तयार करते. तंबाखू टोमॅटोच्याच कुळातील असूनही या इशाऱ्याला दाद देत नाही, तिची इशारा देणारी पेप्टाइड्स निराळी आहेत. मग टोमॅटो, डाळिंब आणि ज्वारी यांना एकच पेप्टाइड लागू पडेल, या दाव्याला आधार काय, हे विक्रेत्यालाच विचारावे.

बाटलीवर अमिनो आम्ले किंवा प्रथिन हायड्रोलायसेट (प्रथिनांचे लहान तुकडे केलेले मिश्रण) लिहिलेले असेल, तर ते बहुधा खत नियंत्रण आदेशाखालील जैव उत्तेजक, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे उत्पादन, असते आणि त्यावर कीड-रोग नियंत्रणाचा दावा करता येत नाही. कीडनाशक म्हणून विकले जात असल्यास केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि लेबलवर आपल्या पिकाचा व किडीचा उल्लेख पाहावा, पक्के बिल घ्यावे. तेल्यासाठी सध्या रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळाव्यात, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी आणि छाटणीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी.