जुन्या जाहिरातींवरून तो काळ खरंच कळतो का?
कळतो की! सर्फची ललिताजी आठवतेय का, ८०च्या दशकातली? स्वस्त निरमाने मार्केट खाल्लं होतं, म्हणून महाग पावडर विकायला त्यांनी हिरोइन नाही आणली, पै पैचा हिशेब ठेवणारी बाई आणली, कारण तेव्हा मध्यमवर्गात उधळपट्टी म्हणजे पापच. मग उदारीकरणानंतर १९९४ची कॅडबरी बघा, मॅच चालू असताना पोरगी सिक्युरिटीला चुकवून थेट मैदानात नाचत सुटते, लोक काय म्हणतील वगैरे गेलं उडत. २०२१ला तीच अ‍ॅड उलटी केली, बॅटिंग मुलगी करते आणि नाचतो मुलगा. (मला तरी जुनीच भारी वाटते.) फक्त एक, अ‍ॅडमध्ये लोक होते तसे नाही, त्यांना व्हायचं असतं तसे दिसतात.