फुलं झकास, दाणे पोचट: मुंबईतल्या सूर्यफुलाबद्दल थोडं सविस्तर

तुम्ही कळवलंत ते असं: मुलुंडला सातव्या मजल्यावर गॅलरीत सूर्यफुलाची चार झाडं, जूनच्या मध्यावर पेरलेली. फुलं आली, सगळ्यांनी फोटो काढले, पण दाणे फोडून पाहिले तर आत काहीच नाही. एका फुलात चार दाणे भरले होते, ते पोपटांनी नेले. तुम्ही विचारताय की खत कमी पडलं का आणि फूल कापायचं नेमकं कधी.

खताचा यात काही दोष नाही. उलट ते जास्त दिलं असतंत तर नुसतीच पानं माजली असती. चुकला तो महिना. जूनमध्ये पेरलेलं सूर्यफूल ऑगस्टमध्ये फुलतं. त्या दिवसांत मुंबईत पराग पावसाने धुऊन जातो आणि मधमाश्या फिरकत नाहीत. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची तबकडी असते. ती फुलं कडेकडून मध्याकडे रोज थोडी थोडी उमलत जातात आणि यात आठ-दहा दिवस जातात. तेवढ्या दिवसांत पराग पोचला नाही तर सालं तयार होतात, गर भरत नाही. बाहेरच्या पिवळ्या पाकळ्या तर वांझच असतात, त्यांचं काम फक्त माशीला बोलावणं.

दुसरी शक्यता बियाण्याची. फुलदाणीसाठीच्या बऱ्याच संकरित जाती मुद्दाम बिनपरागाच्या केलेल्या असतात, म्हणजे टेबलावर पिवळी भुकटी सांडत नाही. तशी चारही झाडं असतील तर माश्या आल्या तरी दाणा धरणार नाही. दाणे हवे असतील तर तेलबियांची जात घ्या. मी 'मॉर्डन' लावते. साधारण तीन फुटांच्या आत राहते, गॅलरीच्या वाऱ्यात कोलमडत नाही आणि ८०-८५ दिवसांत काढणीला येते. सोलापूर-लातूरकडचं कुणी गावाहून येणार असेल तर मूठभर आणायला सांगा. फक्त रंगीत औषध चोळलेलं बियाणं लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

माझा हिशेब सोपा आहे: दिवाळीचे कंदील उतरले की पेरणी. म्हणजे संक्रांतीच्या आसपास फूल आणि फेब्रुवारीत काढणी. हवा कोरडी, ऊन भरपूर, माश्याही येतात. सूर्यफुलाचं सोटमूळ खोल जातं आणि रोप हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून थेट मोठ्या कुंडीतच पेरायचं. १२ ते १४ इंच खोल कुंडी, प्रत्येकीत दोन बिया, एक इंच खोल, नंतर सशक्त रोप ठेवून दुसरं कात्रीने कापायचं. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात. कळी धरल्यापासून दाणे भरेपर्यंत पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचवायचं नाही. थंडीत पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी आली तर खालची दोन-तीन पानं काढून टाका, हवा खेळू द्या.

गॅलरीची एक गंमत सांगते. झाडं उजेडाकडे वळतात, त्यामुळे फुलांची तोंडं रस्त्याकडे आणि आपल्याकडे पाठ. समोरच्या इमारतीतल्या काकू माझ्या फुलांची मनापासून तारीफ करायच्या, मला फक्त देठ दिसायचे! सोसायटीच्या गच्चीवर परवानगी मिळाली तेव्हाच मला फुलं समोरून दिसली. उघड्यावर फूल पूर्ण उमललं की ते पूर्वेकडे तोंड करून थांबतं, सूर्यामागे फिरण्याची सवय कोवळ्या झाडांचीच.

फुलोऱ्यात मी स्वतः परागीभवन करते. सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान हाताला तलम सुती कापड गुंडाळून एका फुलावर हलक्या हाताने फिरवायचं, मग दुसऱ्यावर, असं एक दिवसाआड. एकच झाड असलं तर फायदा कमी, कारण पुष्कळ जातींना दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. पाकळ्या उघडताना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) विरघळवून फुलावर एकदाच फवारते. शेतकरीही हे करतात, दाणे भरायला मदत होते. दोन ग्रॅम म्हणजे दोनच, जास्त झालं तर झाड करपतं.

आता पोपट. माझं घर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला, बोरिवलीत, त्यामुळे यातलं दुःख मला कुणी शिकवू नये. पहिल्या वर्षी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे फूल तपकिरी होण्याची वाट पाहत बसले. रविवारी सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेले तर तबकडीचं चाळण झालेलं. कांद्याच्या जाळीची पिशवी लावून पाहिली, ती चोचीने फाडली. प्लास्टिकची लावली, आत घाम धरून बुरशी आली. शेवटी सासूबाईंच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि त्या टिकल्या. पाकळ्या सुकल्यावरच पिशवी बांधायची, आधी बांधली तर माशीला वाट राहत नाही.

कापायचं कधी? फुलाची पाठ बघायची. हिरवी असेल तर थांबा. लिंबासारखी पिवळी झाली, खालची पानं वाळली आणि मधला दाणा फोडल्यावर गर घट्ट लागला की वीतभर देठ ठेवून कापा आणि घरात पंख्याखाली उलटं टांगा. ढीग मात्र घालू नका, आपल्या दमट हवेत एका रात्रीत वास मारतो. आठवडा-दीड आठवड्याने दोन तबकड्या एकमेकींवर घासा, दाणे आपोआप सुटतात. सुपात पाखडलं की पोचट बाजूला होतात. मग तीन-चार दिवस उन्हात वाळवायचे. गर दाताखाली वाकला तर अजून ओल आहे, कडकन तुटला तर बरणी भरा.

गॅलरीतल्या चार झाडांचं तेल निघणार नाही, एका मध्यम फुलातून मूठ-दोन मुठी दाणे मिळतात. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, वाळवून, कढईत मंद आचेवर परतले की झालं.

झाड काढल्यावर त्या कुंडीत लगेच मेथी-कोथिंबीर पेरू नका. सूर्यफुलाचे अवशेष सडताना इतर बियांची उगवण दाबतात. माझी मेथी दोनदा अशीच बसली. मुळं वेचून काढा, माती पालटा, नाहीतर मिरचीचं तयार रोप लावा.