कॅनडाची पीआर पक्की म्हणतात, खरंय का?

प्रश्न: ताई, मुलगा बीकॉम झालाय. ओंटारिओतल्या एका कॉलेजची ऑफर आलीय, बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा. कन्सल्टन्सीवाला म्हणतो दोन वर्षं शिका, मग तीन वर्षं वर्क परमिट, मग पीआर (म्हणजे तिकडे कायम राहण्याचा परवाना) पक्की. माझ्या मावसबहिणीचा मुलगा 2018 ला असाच गेला आणि आता तिकडे घर घेतलंय त्याने. द्राक्षबाग गहाण ठेवून फी भरायचा विचार आहे, भरू का? — एक आई, तासगाव

उत्तर: बागेला हात लावू नका आत्ता, आधी हे वाचा. तुमचा भाचा गेला तो कॅनडा वेगळा होता हो. तेव्हा सरकारलाच माणसं हवी होती. मग 2023 संपता संपता परदेशी विद्यार्थी 10 लाखांच्या वर गेले, घरभाडी भडकली, बेसमेंटच्या एकेका खोलीत चार-चार पोरं राहायला लागली आणि लोक सरकारवर चिडले, तेव्हा जानेवारी 2024 ला सरकारने स्टडी परमिटवर (शिकायला येण्याच्या परवान्यांवर) कॅप, म्हणजे संख्येची मर्यादा लावली आणि तिथून एकेक दार बंदच होत गेलं. नवीन विद्यार्थ्यांचं 2026 चं टार्गेट फक्त 1,55,000 आहे. पीआर 2025 ला 5 लाख देणार होते, ते 3,95,000 केलं आणि 2026 ला 3,80,000.

पण तुमच्यासाठी खरी गोम वेगळीच आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून जो स्टडी परमिटला अप्लाय करतो त्याला कॉलेजच्या डिप्लोमावर वर्क परमिट हवं असेल तर विषय सरकारच्या यादीत लागतो. हेल्थ, सुतारकाम-प्लंबिंगसारखे ट्रेड, शेती असले विषय आहेत त्यात, बिझनेस मॅनेजमेंट बहुतेक ठिकाणी नाही!! म्हणजे दोन वर्षं फी भरून पोरगा बॅग घेऊन परत. युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला ही यादीची अट नाही. त्या माणसाला एवढंच विचारा की कोर्सचा सीआयपी कोड (विषयाचा ठरलेला नंबर) काय आणि तो यादीत आहे का, आणि उत्तर लेखी घ्या. (बहुतेक त्याला तेव्हाच दुसरा फोन येईल.)

आणि फीवर भागत नाही, राहण्याखाण्यासाठी म्हणून जे पैसे दाखवावे लागतात ते पूर्वी 10,000 कॅनेडियन डॉलर होते, सप्टेंबर 2025 पासून 22,895 झालेत. पार्ट टाइमवर फी निघेल असं कोणी सांगत असेल तर कॉलेज चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं.

प्रश्न: मी मास्टर्सला चाललोय, बायकोला वर्क परमिट मिळेल? — पुणे

उत्तर: कोर्स किती महिन्यांचा ते लिहिलंच नाहीत की! जानेवारी 2025 पासून मास्टर्स किमान 16 महिन्यांचं असेल तरच जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच कंपनीशी न बांधलेलं. एक वर्षाचं असेल तर सहसा नाही.